माझ्या वाट्याचे तीन टिपके

२०२४ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि डिसेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी जळगावच्या भाड्याच्या खोलीत मी माझ्या थोरल्या बहिणीची वाट पाहत बसलो होतो. दवाखान्यातलं शेकाचं मशीन शनिवार-रविवार बंद असतं, म्हणून ते दोन दिवस अक्का पहूरला आपल्या घरी जायची आणि सोमवारी सातच्या एसटीनं परत यायची. नऊच्या आत दारात. चपला काढायच्या आधी विचारणार, "लघवी करी लिधी ना? आते अकरापर्यंत नही." मला लघवीच्या जागी गाठ झाली होती, तिच्यावर हा किरणांचा शेक चालू होता. मशीनखाली झोपताना पोट पाण्यानं भरलेलं लागतं, नाहीतर शेक भलत्या जागी बसतो. म्हणून आधी मोकळं व्हायचं, मग चार पेले पाणी प्यायचं आणि नंबर लागेपर्यंत धरून बसायचं. ते पाणी अक्का पाजायची. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, आणि फोन आला तो भाच्याचा, दिलीपचा. "मामा, खोलीत तुमच्याजवळ कोणी आहे का?" मी म्हटलं, "तुझी आई येतेय ना. ती आली की आम्ही दोघं." फोनमधून नुसतं रडणं ऐकू यायला लागलं.

पहूरच्या स्टँडवर बाकड्यावर बसल्या बसल्या ती गेली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. लोकांना वाटलं, म्हातारीला थंडीत डुलकी लागली. सातची एसटी आली, भरली आणि गेली. अक्का उठली नाही.

बावीस शेक झाले होते, सहा राहिले होते. फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार अक्काचा आला नाही. पहिला विचार आला तो हा की आता ते सहा गेले, आता मी काही जात नाही तिथं. लाज वाटते हे लिहायला. पण लिहायला बसलोय तर खरं लिहिणार, नाहीतर शेतात काय कमी कामं आहेत. मी चौथी शिकलेला माणूस. पेपरच्या या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात ते मी चष्मा लावून सगळं वाचतो. बहुतेक ती मोठी माणसं असतात. आमची अक्का, अनसूयाबाई, तिला सहीसुद्धा येत नव्हती, आयुष्यभर अंगठा. तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही. आणि माझ्याकडे तिची एक गोष्ट आहे जी मी तिला सांगायला हवी होती आणि सांगितली नाही. ती आता कुठं सांगू... म्हणून इथं.

आमचं गाव शिंदखेड्याजवळचं. मी नऊ वर्षांचा असेन आणि अक्का तेरा, तेव्हा हिवाळ्यात ज्वारी घरात आल्यावर एक गोंदणारी बाई गावात यायची. लिंबाखाली गोणपाट टाकून बसायची. दोऱ्यानं बांधलेल्या तीन-चार सुया आणि वाटीत कालवलेलं काजळ, एवढाच तिचा संसार. अक्काचं लग्न जमायचं होतं, म्हणून तिचे दोन्ही हात गोंदायचे ठरले. माझ्या आधीचा भाऊ पाळण्यातच गेला होता, त्यामुळं आई माझ्याबाबतीत फार भ्यायची. ती त्या बाईला म्हणाली, "ह्यानाबी हातवर तीन टिपका टाक. नजर लागाले नको." दोघांची मिळून ज्वारी आईनं आधीच तिच्या ओटीत घातली. अक्का आधी बसली. तिच्या हातावर तुळस उठली, विंचू उठला, रक्ताचे बारीक थेंब आले, आणि ती खालचा ओठ दातात धरून समोरच्या म्हशीकडं पाहत राहिली. मग बाईनं माझं मनगट धरलं. मी हिसका मारला तो थेट कपाशीत जाऊन बसलो. दिवस कलेपर्यंत बाहेर आलो नाही.

घरी आलो तर मार पडेल असं वाटलं होतं. कोणी अंगाला हात लावला नाही. मला नंतर कळलं ते असं. आई काठी घेऊन मला शोधायला निघाली, तेव्हा अक्कानं तिला बसवलं आणि त्या बाईला म्हणाली, "जवारी दिधेल शे ना? मंग त्याना तीन टिपका मना हातवर टाक." भावाच्या वाट्याचं बहिणीला चालतं का, असं आईनं विचारलं. ती बाई म्हणाली, रक्त एकच आहे, चालतं. अक्काच्या डाव्या मनगटावर, विंचवाच्या खाली, चुलीच्या तीन दगडांसारखे तीन टिपके पडले. ते माझे होते. पुढची बासष्ट वर्षं मी काही मोठेपणा सांगायला लागलो की ती बांगड्या वर सारायची, ते मनगट माझ्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "ह्या तुना शेतस. मी नुसती संभाळी ऱ्हायनू."

मी हट्टी आहे, हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. आमच्या वयाचे गावातले बाप्ये यात्रेत मशीनवर हातावर नाव गोंदून आले, कोणी बायकोचं, कोणी देवाचं. मी नाही. अंगावर शाई बायकांना शोभते, माझं अंग कोरं आहे आणि कोरंच जाईल, असं मी चारचौघांत सांगायचो. नऊ वर्षांचा असताना मी सुईला भिऊन पळालो, हे फक्त अक्काला माहीत होतं. तिनं ते कधी कोणाला सांगितलं नाही. मला एकट्याला सांगायची, बस्स.

तिला पहूरला दिली. तिकडची बोली वेगळी, माणसं वेगळी, पण ती माझ्याशी शेवटपर्यंत आमच्या गावचंच बोलली. भाऊबीज आम्ही एक चुकवली नाही. आमच्याकडं भाऊबीजेला बहीण भावाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते. मी सत्तरीला आलो तरी पाटावर चड्डीवर बसायचो आणि अक्का माझी पाठ अशी घासायची की जणू तव्यावरची काजळीच काढतेय. सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. अक्का त्यांना म्हणायची, "हसा. हाऊ मना धाकला शे, मंग तो कितला का म्हतारा व्हस ना."

गाठीचं मी सहा महिने कोणाला सांगितलं नाही. ती जागाच सांगण्यासारखी नव्हती. मुलगा नरडाण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, त्याला कशाला त्रास. शेवटी लघवी बंद पडली तेव्हा धुळ्याला नेलं, आणि धुळ्याच्या डॉक्टरनं जळगावला पाठवलं. अठ्ठावीस शेक, रोज एक, शनिवार-रविवार सोडून. दिलीप म्हणाला, मामा, पहूरहून रोज गाडीनं नेतो-आणतो, आमच्याकडं राहा. मी म्हटलं, बहिणीच्या सासरी महिना-दीड महिना पडून खाणारा मी नव्हे. जळगावात एका मारवाडी शेठजींच्या धान्याच्या गोदामामागं एक खोली मिळाली. मुलगा म्हणाला मी रजा टाकतो. मी म्हटलं, टाकलीस तर मी शेक घेत नाही. मला वाटलं, जिंकलो. तर दिलीपच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर गाठोडं घेऊन अक्काच आली. "तू मना घर येस नही ना? मंग मी तुना घर येस." पंच्याहत्तर वर्षांची बाई. साठ वर्षांनंतर आम्ही दोघं पुन्हा एका छपराखाली एका चुलीवरचं खाणार होतो.

आता ते सांगतो, जे सांगायला बसलोय.

दिवाळीच्या आधी दवाखान्यात माझं माप घेतलं. मशीनवाली मॅडम माझ्या नातीच्या वयाची होती. तिच्यासमोर पायजमा खाली करून मी फळीवर पडलो होतो आणि तिनं जांभळ्या शाईनं तीन ठिकाणी फुल्या काढल्या, एक बेंबीच्या खाली, दोन कमरेच्या दोन्ही बाजूंना. त्या फुल्यांवरनं मशीन नेम धरतं. ती म्हणाली, "आजोबा, तेल लावू नका, घासू नका, पाणी नुसतं अंगावरून जाऊ द्या. दिवाळी झाल्यावर सोमवारी सुरू करू." मी हो हो म्हटलं. मला तिथून उठायची घाई झाली होती. बाहेर बाकड्यावर अक्का होती. तिनं विचारलं, "काय सांगं?" मी म्हटलं, "काही नाही." कमरेवर, बेंबीखाली पोरीनं फुल्या काढल्यात, हे थोरल्या बहिणीला कोणत्या तोंडानं सांगू...

रविवारी भाऊबीज होती. मी पहूरला गेलो, पाटावर बसलो. अक्कानं घरी कुटलेलं उटणं, कोमट तेल, कढत पाणी. पाठ तिनं घासली आणि वाटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाकीनं तू लाय. चांगलं लाय, दवाखानाना वास जाऊ दे." तेव्हाही मी बोललो नाही. दार लावून घेतलं आणि घासलं. कढत पाणी बरं वाटत होतं. मोरीत जांभळं पाणी गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मनात म्हटलं, राहिली असेल तेवढी पुरे होईल.

सोमवारी मॅडमनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. फुल्यांच्या जागी नुसती चकाकणारी कातडी. पुन्हा माप, पुन्हा डॉक्टरची तारीख, पुन्हा सगळं. दहा दिवस गेले. मी बाहेर आलो तेव्हा बाकड्यावर आणखी चार-पाच पेशंट बसले होते. त्यांच्यादेखत मी अक्काला म्हणालो, "तुझ्या उटण्यानं माझा नंबर गेला. खुणा पुसल्या सगळ्या." एवढंच बोललो. मला सांगितलं होतं आणि मीच बोललो नाही, हे बोललो नाही. अक्कानं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं, तळहात उलटे-सुलटे करून, जसं काही हातांनीच गुन्हा केलाय. तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगायची, "मनी चूक व्हयनी. मी तेल लायं." दिलीपला सांगितलं, शेठाणीबाईंना सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. मी शेजारी उभा असायचो. प्रत्येक वेळी उभा असायचो.

दहा दिवसांनी पुन्हा फळीवर झोपलो तेव्हा मॅडम म्हणाली, "आजोबा, आता आपण रिस्क घ्यायची नाही. तीन टिंबं गोंदूनच टाकते. शाईचा थेंब आणि सुईचं टोक. कधी जाणार नाहीत." मी उठलो, नाडी बांधली आणि बाहेर आलो. सरळ गेटबाहेर, जिथं रिक्षा लागतात तिथं. सुई मोठी नव्हती, तरी मला तो लिंब दिसत होता, ते गोणपाट, ती वाटी.

अक्का हळूहळू चालत आली. तिला तेव्हाही दम लागत होता, जिना चढली की थांबायची, पण आम्ही दोघांनी तिकडं लक्ष दिलं नाही, आजारी मी होतो. मी कुठं निघालो ते तिनं विचारलं, "कथा चालना? आठे कपाशी नही शे लपाले."

मी म्हटलं, "अक्का, मी गोंदणार नाही. मेलो तरी चालेल."

"मरशी तर मरशी. पन सुईले भ्याईसन मरना, असं मी गावमा सांगसू."

"सांग."

"सांगसूच. येक भाऊ पाळणामा गया. येक आते सुईले भ्याईसन जाई." मग ती माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणला. बांगड्या वर सारल्या. कातडी सुरकुतून टिपके एकमेकांजवळ आले होते, हिरवट, पुसट. "देख. बासष्ट वरीस मी तुना टिपका संभाळात. कपडा धोयात, भांडा घासात, पोरं न्हावाडात, गयात का? आते तुना तू संभाळ. मना हात थकना रे शांत्या."

माझं नाव शांताराम. शांत्या म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आत गेलो. अक्का म्हणाली मीपण येते. मॅडमनं येऊ दिलं. मी पायजमा खाली करायच्या आधी अक्का भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि हात मागं केला. पाठमोरी, नुसता हात माझ्याकडं. तो मी धरला. तिच्या मनगटावरचे टिपके माझ्या अंगठ्याखाली आले. पहिला टिपका पडला, दुसरा पडला, तिसरा बेंबीखालचा. मुंगी चावते तितकंच दुखलं, खोटं सांगत नाही. बासष्ट वर्षं मी मुंगीला भ्यायलो. मॅडम म्हणाली झालं. अक्का भिंतीकडंच पाहत म्हणाली, "रडना का तो?" मॅडम हसली, म्हणाली, "नाही आजी, शूर आहेत." अक्का म्हणाली, "शूर नही वं माय. मना हातना पार चुरा करी टाका त्यानी."

बाहेर येताच तिनं सगळ्या बाकड्याला सांगितलं, मना भाऊनी गोंदी लिधं. कुठं ते सांगितलं नाही, एवढी दया केली. रिक्षात मला म्हणाली, "सोनंनाणं बठ्ठं आठेच ऱ्हास. गोंदन तेवढं संगे जास. आते तठे आपू दोन्ही येकमेकले वळखसूत." मी म्हटलं, "तिथं कोण पायजमा खाली करून बघणारे?" ती इतकी हसली की रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं.

मग ते बावीस दिवस. पाण्यासाठी तिनं घरून पितळी पेला आणला होता, तिच्या लग्नात आमच्या बापानं दिलेला. तेव्हा भांड्यांवर नाव टाकायची पद्धत होती, छिन्नीनं टिंब-टिंब करून. अक्काला वाचता येत नव्हतं, पण त्या टिंबांवरून अंगठा फिरवून ती सांगायची, इथं बापाचं नाव सुरू होतं, इथं संपतं. नर्सनं लिटरमध्ये सांगितलेलं माप तिनं त्या पेल्यात बसवलं, चार पेले. दवाखान्याच्या प्लास्टिकच्या ग्लासावर तिचा विश्वास नव्हता. शनिवारी पहूरला जाताना पेला सोबत न्यायची, खोलीत ठेवायची नाही, कोणी त्यात चहा प्याला तर माप बिघडेल म्हणे. तीन पेले मी गुपचूप प्यायचो. चौथ्याला रोज भांडण. थंडीत पाणी जात नाही. मी म्हणायचो, पुरे. ती म्हणायची, "चौथा कोन पी, तुना बाप?" मी म्हणायचो, बापाचंच नाव आहे त्यावर, त्यालाच पाज. मग ती पेला माझ्या ओठाला लावून धरायची, दवाखान्यात, सगळ्यांदेखत, एकाहत्तर वर्षांच्या माणसाला. मी प्यायचो.

शेवटच्या शनिवारी जाताना ती म्हणाली, "सोमवारले नऊनी गाडीवर येऊ का? सातले भलती थंडी ऱ्हास. छातीमा भरी येस." मी म्हटलं, "नऊच्या गाडीनं येशील तर माझं पाणी कोण बघेल? नंबर चुकेल. सातचीच धर." ती म्हणाली बरं. शाल डोक्यावरून घेतली आणि गेली. मी उठून दारापर्यंतसुद्धा गेलो नाही.

आणि हे मी रोज मोजतो. भाऊबीजेला मी तोंड उघडलं असतं, अक्का, इथं घासायचं नाही म्हणालो असतो, तर दहा दिवस वाया गेले नसते. अठ्ठावीस शेक त्या सोमवारच्या आधीच संपले असते. ती सकाळी सात वाजता तिच्या घरात गोधडीत असती. तिनं मरेपर्यंत मानलं की चूक तिच्या हातांची होती. बावीस दिवस एका खोलीत होतो आम्ही. मला रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, शेक संपल्यावर सांगू, पहूरला सोडायला जाईन तेव्हा सांगू. सहाच राहिले होते...

त्या सोमवारी मी दवाखान्यात गेलो नाही, पहूरला गेलो. माहेरची साडी भावानं न्यायची असते, म्हणून आधी स्टँडसमोरच्या कापड दुकानात शिरलो. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता वरच्या फळीवरचे गठ्ठे न काढता खालचे काढले. साडी कशासाठी ते त्याला कळलं होतं. मला काठ निवडता येईना. साठ वर्षं भाऊबीजेला साडी आधी माझ्या आईनं निवडली, मग माझ्या बायकोनं, ती गेल्यावर सुनेनं. अक्काला कोणता रंग आवडायचा हे मला माहीत नव्हतं. मी त्यालाच म्हटलं, तुम्हीच द्या शेठ. त्यानं हिरव्या काठाची दिली.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं. बांगड्या काढल्या, गळ्यातलं काढलं, कानातलं काढलं. मग मला बोलावलं, साडी भावानं अंगावर घालायची. डावा हात बाहेर राहिला होता. बांगड्या नव्हत्या, त्यामुळं ते तीन टिपके उघडे होते, माझे. मी ते मनगट धरलं. थंड होतं. मला सांगायचं होतं, अक्का, तुझी चूक नव्हती. पण आजूबाजूला वीस बायका रडत होत्या, आणि मी बाप्या माणूस... मी साडी घातली आणि मागं सरलो. चार वाजता तिला नेलं. गोंदण सोबत जातं म्हणतात. मी चितेसमोर उभा राहून पाहत होतो, की कसं जातं. काही दिसत नाही. नुसता जाळ दिसतो.

घरी आल्यावर दिलीपनं मला तिची पिशवी दिली. "मामा, हे तुमच्यासाठीच होतं." आत माझ्यासाठी केलेल्या दशम्या होत्या आणि फडक्यात गुंडाळलेला पितळी पेला. मी त्याला म्हटलं, ठेव हे, मला आता लागणार नाही. मी शेक सोडला. त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. राख उद्या सकाळीच आठ वाजता सावडायची, पाहुणे लांबचे आहेत, असं थोरल्या माणसांनी ठरवलं. मी मान हलवली. माझ्या मनानं सगळं बंद झालं होतं. गाठ असेल तर असू दे, वाढेल तर वाढू दे. कोणासाठी ते पोट भरून झोपायचं...

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मोरीत आंघोळीला बसलो. तीच मोरी, जिथं भाऊबीजेला बसलो होतो. दुखवट्यात तेल नाही, नुसता साबण. डोकं चालत नव्हतं, हात चालत होते. कमरेवर घासलं, बेंबीखाली घासलं, जोरात घासलं. पाणी गेलं ते स्वच्छ. खाली पाहिलं तर टिपके होते. तिन्ही. त्या दिवशी पाठमोरी उभी राहून तिनं हात मागं केला होता, तो मला दिसला. मी तिथंच बसून रडलो. त्याआधी रडलो नव्हतो.

मग कपडे घातले आणि दिलीपकडून पिशवी परत मागितली. अंगणात माणसं जमली होती, बादल्या, दुधाचा तांब्या, सगळं तयार. दिलीपचे चुलते मला म्हणाले, "नाना, भावाशिवाय राख कशी सावडायची? लोकं काय म्हणतील? आणि सुतकात दवाखाना?" मी म्हटलं, "अकरा वाजता माझा नंबर आहे." ते आणखी बोलणार होते. दिलीप मध्ये पडला, म्हणाला, "जाऊ द्या मामाला." आणि खांद्यावर पंचा टाकून तो बादली उचलून निघाला.

मी स्टँडवर आलो. त्या बाकड्यावर बसलो नाही, त्याच्या शेजारी उभा राहिलो. सातची गाडी आली, तिच्यात चढलो. जळगावला दवाखान्यात नेहमीच्या जागी बसलो. शेजारचा पेशंट म्हणाला, आज अक्का नाही आल्या? मी मान हलवली. फडकं सोडलं, पेला काढला, नळावर जाऊन भरला. एक प्यालो. दुसरा प्यालो. तिसऱ्याला पोट तट्ट झालं, तरी प्यालो. चौथा भरून आणला आणि मांडीवर धरून बसलो, बापाच्या नावावरून अंगठा फिरवत. इथं सुरू होतं, इथं संपतं. समोरच्या दारातून मॅडमनं नंबर पुकारला. मी हळू आवाजात, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "अक्का, मलाच सांगितलं होतं घासू नको म्हणून. मी तुला बोललो नाही." आणि चौथा पेला रिकामा करून आत गेलो.